हद्दीबाहेरच्या चोरीची फिर्याद: एका पोलीस ठाण्यातील अनुभव

माल परत मिळणे तपासावर आणि काही अंशी नशिबावर अवलंबून असते. फिर्याद कशी लिहून घ्यायची, हे मात्र सर्वस्वी ठाण्याच्या हाती असते, म्हणून या सेवेचे मोल मी त्यावरूनच ठरवते.

एस.टी.च्या प्रवासात माझा लॅपटॉप चोरीला गेला. तो कोणत्या हद्दीत गेला हे सांगता येत नसल्याने उतरल्या ठिकाणच्या पोलीस ठाण्यात गेले. तेथील हवालदारांनी प्रथम ‘गहाळ’ अशी नोंद करण्याचे सुचवले आणि हा या सेवेतील गंभीर दोष आहे. गहाळ दाखल्याने कागद हाती पडतो. गुन्हा दाखल होत नाही आणि चोराचा शोधही सुरू होत नाही.

ठाणे अंमलदारांनी मात्र स्वतः लक्ष घातले. त्यांनी आधी किंमत विचारली, आणि ते योग्यच होते: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीनुसार ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची साधी चोरी अदखलपात्र ठरते, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत; त्याहून महाग वस्तूची चोरी दखलपात्र असते. याच संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी, नोंदवून घ्यावीच लागते. त्यानुसार त्यांनी शून्य क्रमांकाने, म्हणजे नंतर योग्य हद्दीतील ठाण्याकडे वर्ग करण्यासाठी, गुन्हा नोंदवला, माझा जबाब मला वाचून दाखवला, बसथांब्याच्या नावातील चूक माझ्यासमोर दुरुस्त केली आणि त्यानंतरच सही घेतली. प्रथम खबरी अहवालाची प्रत, कायद्यात म्हटल्याप्रमाणे, विनामूल्य मिळाली. घाबरलेल्या फिर्यादीला न खेकसता घटनाक्रम विचारणारा अधिकारी भेटणे किती मोलाचे असते, ते तेव्हा कळले.

येथे जाणाऱ्यांनी लॅपटॉपचे किंवा मोबाइलचे बिल व अनुक्रमांक सोबत न्यावा आणि ‘गहाळ’ शब्द असलेल्या अर्जावर चोरीच्या प्रकरणात सही करू नये. नोंद नाकारली गेलीच, तर याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते आणि तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

या ठाण्याला पाचपैकी चार गुण देते. गुन्हा ज्या ठाण्याकडे वर्ग होणार, त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक प्रतीसोबतच लिहून दिले असते, तर नवा गुन्हा रजिस्टर क्रमांक मिळवण्यासाठी करावी लागलेली धावपळ वाचली असती.