ट्विन-स्क्रू म्हणून मिळालेला रूट्स सुपरचार्जर

माझ्याकडे २००३ सालची फोर्ड मस्टँग मॅक १ आहे. डेट्रॉईटजवळच्या एका गॅरेजमध्ये तिला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारा पंप, बसवताना माझी जी फसवणूक झाली, ती दुसऱ्या कोणाची होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीला माझा विचार सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जरचा होता, पण त्याचा दाब इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढत जातो आणि शहरातल्या रहदारीत, दोन-अडीच हजार आरपीएमला, तो जवळजवळ जाणवतच नाही. मला खालच्या फेऱ्यांतच ओढ हवी होती. गॅरेजमालकाने त्यावर वापरलेला ‘२.३ लिटरचा ट्विन-स्क्रू’, म्हणजे स्क्रूसारख्या दोन रोटरांमध्ये (फिरत्या दांड्यांमध्ये) हवा दाबणारा सुपरचार्जर, सुचवला आणि मी ३,८०० डॉलर रोख मोजले. पावतीवर मात्र ‘सुपरचार्जर, वापरलेला’ एवढेच लिहिले होते, आणि तिथेच मी थांबून विचारायला हवे होते.

गाडी सुरुवातीला चांगली ओढत होती. पण दोन-तीन वेळा पूर्ण थ्रॉटल दिला की मॅनिफोल्डमधली (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधली) हवा २०० अंश फॅरेनहाइटच्या वर जाई, गाडीचा संगणक टायमिंग मागे घेई, म्हणजे ठिणगी उशिरा पाडे, आणि ताकद गळून पडे. तक्रार केली तेव्हा मालकाने आणखी पैसे घेऊन लहान पुली बसवली. लहान पुलीने रोटर अधिक वेगाने फिरतात, दाब वाढतो आणि त्याबरोबर उष्णताही वाढते, हे मला तेव्हा नीट उमगले नव्हते. माझ्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती पटींनी दाबली जाते ते प्रमाण, १०.१ आहे, म्हणजे नॉकिंगला (इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांना) फारशी सवलत नाही. तीन आठवड्यांत आठव्या सिलिंडरच्या पिस्टनची रिंगांमधली कड तुटली.

इंजिन उघडणाऱ्या दुसऱ्या मेकॅनिकने सुपरचार्जरचे इनलेट (हवा आत घेणारे तोंड) काढून आत बॅटरीचा झोत टाकला आणि मला जवळ बोलावले. दोन्ही रोटर एकसारखे होते, प्रत्येकाला तीन लोब (पाकळ्यांसारखे उंचवटे) आणि हलकासा पीळ. खऱ्या ट्विन-स्क्रूमध्ये रोटरांची जोडी विजोड असते, एकाचे लोब जाड आणि फुगीर, तर दुसऱ्याला त्यांना सामावून घेणाऱ्या खोल खाचा; हवा त्यांच्यामधून पुढे सरकतानाच दाबली जाते. रूट्स या जुळ्या रोटरांच्या प्रकारात मात्र आत दाबणे घडतच नाही. हवा नुसती पलीकडे ढकलली जाते, मॅनिफोल्डमधली दाबाखालची हवा उलटी आत शिरते आणि त्या घुसळणीत ती अधिक तापते. माझ्या हाती आलेला नग ईटनचा एम-११२ होता, म्हणजे फेरीला ११२ घनइंच, सुमारे १.८ लिटर. २००३-०४च्या मस्टँग कोब्रावर फोर्डने हाच बसवला होता आणि तिथे तो उत्तम चालला, कारण त्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो ८.५ होता आणि आतले पिस्टन फोर्ज केलेले होते. त्या यंत्राला मी काहीच दोष देत नाही. माझ्या नगावर जिथे ओतीव अक्षरे असायला हवीत, तिथे काळ्या रंगाखाली घासल्याच्या आडव्या रेघा होत्या.

जाब विचारला तेव्हा मालक म्हणाला, “रोटरला पीळ आहे, म्हणजे तो स्क्रूच. यात खोटे काय?” रोटरला पीळ असला म्हणून रूट्सचा स्क्रू होत नाही, आणि हे त्यालाही पक्के ठाऊक होते, नाहीतर अक्षरे घासण्याचे कारणच नव्हते.

तुम्ही वापरलेला नग घेणार असाल, तर पैसे देण्यापूर्वी इनलेट काढायला लावून दोन्ही रोटर स्वतः पाहा. ते जुळे दिसले तर तो रूट्स आहे, विक्रेता काहीही म्हणो. अनुक्रमांक उत्पादकाला कळवून खात्री करून घ्या. पावतीवर प्रकार, मॉडेल आणि क्षमता लिहून मिळाल्याशिवाय रोख पैसे हातात ठेवू नका. डेट्रॉईट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनमध्ये दुरुस्ती करणाऱ्या गॅरेजची राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात नोंदणी असावी लागते. ती आधी तपासा.

मी त्या कार्यालयात तक्रार दिली आहे, सोबत घासलेल्या जागेची छायाचित्रे जोडली आहेत. पैसे अजून परत मिळालेले नाहीत, आणि इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च सुपरचार्जरच्या किमतीपेक्षा जास्त झाला आहे.