सायन्समध्ये रिसर्च करायचाय, मग आयसर पुणे की पुणे विद्यापीठ?

बारावीनंतर हा प्रश्न खूप जण विचारतात म्हणून लिहितेय. आयसर म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था, २००६ ची, पाषाणला, एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) शेजारी. बीएस-एमएस म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर एकत्र, पाच वर्षांचं, एंट्रन्स म्हणजे आयसरचीच आयएटी परीक्षा, आणि सुरुवातीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो सगळंच करावं लागतं, बायोवाल्याला मॅथ्स जड जातं खरं पण पुढे डेटा हाताळताना तेच कामी येतं, आणि शेवटचं वर्ष थिसिसचं, म्हणजे रोज लॅबमध्ये, प्रयोग फसला की परत पहिल्यापासून.

विद्यापीठ १९४९ चं, गणेशखिंडीत. इथे बहुतेक जण आधी कॉलेजातून बीएससी करून मग एमएससीला येतात, म्हणजे एकाच विषयात खोल जायचं. पण कॅम्पस बघा ना, भूगर्भशास्त्र, मानवशास्त्र, संस्कृत, पाली, मराठी सगळं एकाच आवारात, वर आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था पण तिथेच! जयकर ग्रंथालयात तुमच्या शेजारी कोणी पोथ्यांवर काम करणारं बसलेलं असू शकतं, हे आयसरला नाही मिळत.

फी विद्यापीठाची बरीच कमी. विषय अजून ठरला नसेल तर माझं मत आयसर, भाषा-इतिहासाचीही ओढ असेल तर डोळे झाकून विद्यापीठ.