एन्डाउमेंटच्या भरवशावर घेतलेले घर

१९९० साली इंग्लंडमधील लेस्टर शहरात आम्ही पहिले घर घेतले, तेव्हा कर्ज ४८,००० पौंडांचे आणि मुदत २५ वर्षांची होती. कर्ज देणाऱ्या संस्थेतच बसणाऱ्या सल्लागाराने सुचवले, की दरमहा केवळ व्याज भरावे आणि सोबत ७२ पौंड हप्त्याची एन्डाउमेंट पॉलिसी, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी, घ्यावी. २०१५ मध्ये तिच्या पैशांतून सगळे मुद्दल फिटेल आणि वर काही हजार पौंड हाती राहतील. मुद्दल आणि व्याज एकत्र फेडण्याचा साधा मार्गही असतो, हे त्याने आम्हाला सांगितलेच नाही.

मी विश्वास ठेवला, त्याचे कारण साताऱ्यात होते. वडिलांची आयुर्विमा महामंडळाची पॉलिसीही एन्डाउमेंटच होती आणि मुदत संपल्यावर ठरलेली विमा रक्कम अधिक बोनस त्यांच्या हाती आला होता. नाव तेच, म्हणून हमीही तीच असणार, असे मी धरून चाललो. प्रत्यक्षात ब्रिटनमध्ये कर्जाला जोडून विकल्या गेलेल्या या स्वस्त पॉलिसींत कर्जाएवढी पूर्ण रक्कम मिळण्याची खात्री फक्त मृत्यू झाल्यास होती. मुदतीअखेर खात्रीची रक्कम त्याहून पुष्कळ कमी असे आणि बाकीचे सारे बोनसवर अवलंबून असे. नव्वदच्या दशकात व्याजदर आणि महागाई उतरत गेली, तसे बोनसही घटत गेले.

२००१ मध्ये आम्हाला विमा कंपनीचे ‘लाल पत्र’, म्हणजे धोक्याचा इशारा देणारे पत्र, आले. गुंतवणूक ४, ६ किंवा ८ टक्क्यांनी वाढली तर शेवटी किती रक्कम मिळेल, हे त्यात मांडलेले होते आणि उद्दिष्ट गाठले न जाण्याचा धोका मोठा आहे, असे स्पष्ट लिहिले होते. मी विमा कंपनीला फोन केला; बाजार पुन्हा चढेल, थोडे थांबा, असे उत्तर मिळाले. मी थांबलो. पुढे २००४ मध्ये आलेल्या पत्रात तक्रार करण्याची अखेरची तारीख दिलेली होती, पण ते पत्र मी न वाचताच फायलीत ठेवले. २००७ मध्ये चुकीच्या सल्ल्याबद्दल तक्रार केली, तेव्हा मुदत उलटल्याचे सांगून कंपनीने ती फेटाळली आणि अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या वित्तीय लोकपालांनाही मूळ प्रश्नात शिरता आले नाही. ज्या परिचितांनी वेळेत लिहिले, त्यांना भरपाई मिळाली. साध्या परतफेडीच्या कर्जात एव्हाना किती मुद्दल फिटले असते, याच्याशी तुलना करून ती ठरवली जात असे. लोकपालांकडे तक्रार करण्यास शुल्क लागत नसताना, तीच तक्रार लिहून देण्यासाठी भरपाईचा चौथा हिस्सा मागणारे मध्यस्थही मला भेटले. त्यांच्यापासून अवश्य दूर राहावे.

अखेर कर्जातील १७,००० पौंड आम्ही मुद्दलासह फेडीच्या हप्त्यांवर वळवले. उरलेल्या आठ वर्षांसाठी त्याचे दरमहा सुमारे १४० पौंड जादा पडले. हेच २००१ मध्ये केले असते, तर त्याच्या निम्म्याहून कमी रकमेत भागले असते, ही गोष्ट मला आजही बोचते. पॉलिसी मात्र आम्ही मोडली नाही, कारण मध्येच सोडल्यास विम्याचे संरक्षण जाते आणि मुदतीअखेरचा बोनसही हातचा जातो. २०१५ मध्ये तिचे ३१,३०० पौंड आले. तूट १६,७०० पौंडांची होती. ती आम्ही आमच्या पगारातून भरून काढलेली होती.

गेल्या वर्षी पुण्यात माझ्या भाचीला गृहकर्जासोबत बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी सुचवण्यात आली. मी तिला विचारायला सांगितले, की मुदत पूर्ण होईपर्यंत मी जिवंत राहिले, तर किती रक्कम नक्की मिळेल आणि ते कोणत्या पानावर लिहिले आहे? समोरच्या माणसाला ते पान दाखवता आले नाही. तिने केवळ कर्जाच्या कागदांवर सह्या केल्या.