खुब्याच्या ऑपरेशननंतर: घरी न्यावं की रिहॅब सेंटरला?

ऐंशीच्या घरातल्या माणसाचा खुबा मोडतो, ऑपरेशन नीट पार पडतं आणि चार-पाच दिवसांत डॉक्टर म्हणतात, 'उद्या घरी जा.' त्या संध्याकाळी नातेवाइकांत चर्चा होते ती खर्चाची आणि 'लोक काय म्हणतील' याची. खरे प्रश्न दोनच आहेत. पहिले दोन आठवडे पेशंटला दिवसातून किती वेळा उभं केलं जाणार? आणि रात्री दोन वाजता लघवीला कोण उठवणार? घर असो वा रिहॅब सेंटर (ऑपरेशननंतर काही दिवस ठेवून व्यायाम आणि शुश्रूषा देणारं केंद्र), ज्या जागी या दोन्हींची उत्तरं भरवशाची मिळतील, ती जागा निवडावी.

त्याआधी डिस्चार्ज कार्ड वाचा. खुब्याचा बॉल (मांडीच्या हाडाचा गोल माथा) किंवा पूर्ण सांधा बदलला असेल तर तो निखळण्याची भीती असते, मागच्या बाजूने चीर घेतली असेल तर जास्तच. अशा पेशंटने खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि पाय आत वळवायचा नाही. हे साधारण ६ ते १२ आठवडे पाळावं लागतं, नेमकी मुदत सर्जन सांगतात. थोडक्यात पाट, सतरंजी, भारतीय संडास आणि वाकून चप्पल घालणं बंद. हाड सांध्याच्या खाली मोडून, सांधा न बदलता रॉड किंवा प्लेट बसवली असेल तर निखळण्याची भीती नसते. तिथे प्रश्न वजनाचा. 'हळूहळू चालवा' एवढ्यावर निघू नका. पूर्ण वजन, अर्धं वजन की नुसता पाय टेकवायचा, हे लिहून घ्या. घरची मावशी (पेशंटची देखभाल करायला ठेवलेली बाई) असो वा सेंटरचा फिजिओ, दोघांनाही तो कागद लागतो.

घर: आधी टेप घेऊन मोजा

कॉटवर बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा किंचित खाली राहायला हवेत. कॉट बुटकी असेल तर पायांखाली पक्के लाकडी ठोकळे द्या आणि गादी कडक घ्या. कमोडवर चार इंची रेझर (सीट उंच करणारा जोड) बसवा. वॉकरला साधारण दोन फूट वाट लागते आणि जुन्या इमारतींतली संडासाची दारं पुष्कळदा त्याहून अरुंद असतात, मग वॉकर दारातच अडतो. अशा वेळी कॉटशेजारी कमोड-खुर्ची ठेवली की काम भागतं. कोकणातल्या घरात उंबरठे आणि मागच्या अंगणातला संडास असेल, किंवा चाळीत संडास सामायिक असेल, तर कमोड-खुर्चीशिवाय घरी आणूच नका. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर खुर्चीत बसवून एकदा चढवता येतं. पण बाराव्या-चौदाव्या दिवशी टाके काढायला आणि पुढे एक्स-रेला पुन्हा उतरवावं लागतं. टाके घरी येऊन काढणारी नर्स आधीच ठरवून ठेवा.

माणसांचं गणित त्याहून अवघड. ब्युरोची मावशी अंग पुसते, कूस बदलते, भरवते, चालवते. ड्रेसिंग आणि लघवीची नळी ही तिची कामं नाहीत. त्यासाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली, जीएनएम किंवा एएनएम (नर्सिंगचे हे दोन कोर्स) केलेली नर्स हवी, आणि ती रोज तासभर आली तरी बहुतेकांना पुरतं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या इंजेक्शनसाठी मात्र कुणी सेंटर घेऊ नये. एनॉक्सापॅरिन हे त्यातलं नेहमीचं इंजेक्शन सहसा ४० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, सर्जन सांगतील तितके दिवस (पुष्कळदा महिनाभर) चालतं. किडनी कमजोर असेल तर डोस कमी करतात. बेंबीपासून दोन इंच सोडून, पोटाच्या कातडीची चिमट धरून द्यायचं आणि सुई बाहेर येईपर्यंत चिमट सोडायची नाही. भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही आणि नंतर जागा चोळायची नाही, चोळली की काळानिळा डाग पडतो. वॉर्डातल्या सिस्टरसमोर दोनदा स्वतः दिलं की घरचं कुणीही शिकतं.

घरं फसतात ती रात्री. बारा तासांची मावशी संध्याकाळी जाते आणि पुढे पंच्याहत्तरीची बायको नवऱ्याला बगलेत हात घालून ओढते. दोघंही पडू शकतात. उठवताना पेशंटला कॉटच्या कडेला आणा, ऑपरेशनचा पाय थोडा पुढे ठेवा. त्याने हातांनी कॉट दाबून उठायचं, वॉकर ओढून नव्हे. मदत करणाऱ्याने कमरेला बांधलेला रुंद पट्टा धरावा. चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय.

सेंटर: माहितीपत्रक नको, अकराची वेळ बघा

सेंटरची जमेची बाजू सरळ आहे. खाली-वर होणारी कॉट, संडासात धरायला दांडे, रात्री जागी नर्स, हाकेला डॉक्टर. 'दिवसातून दोनदा फिजिओ' असं लिहिलेलं असतं, ते प्रत्येकी किती मिनिटं ते विचारा. सकाळी अकराला न सांगता जा आणि किती पेशंट कॉटवर आडवे आहेत ते बघा. निम्म्याहून जास्त असतील तर माघारी फिरा. पुन्हा रात्री आठनंतर जाऊन एका आयाकडे किती पेशंट आहेत ते मोजा.

डायपरचं तर खास विचारा. पेशंटला लघवीला उठवायचं म्हणजे दहा मिनिटं आणि कमरेला ताण. डायपर लावला की मिनिटात काम होतं. म्हणून चालू शकणाऱ्यालाही डायपर लावला जातो, दिवसातली पाच-सहा उभं राहण्याची निमित्तं जातात, माकडहाडावरची कातडी ओली राहते आणि आठवड्यात तिथे लाली दिसते. हे सेंटरमध्ये होतं तसंच घरीही होतं. लाल जागा बोटाने दाबून बघा. दाबल्यावर पांढरी पडत नसेल तर बेडसोअरची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) सुरुवात झाली. दर दोन तासांनी कूस बदलायचीच, एअर बेड (हवेची गादी) असला तरी. सांधा बदललेल्याच्या दोन पायांमध्ये उशी ठेवून वळवा. टाचा बहुतेक सगळेच विसरतात: पोटरीखाली उशी द्या म्हणजे टाच अधांतरी राहील. उशी गुडघ्याखाली कायम ठेवू नका, पाय वाकलेलाच आखडतो.

पैशांचं बोलायचं तर दिवसाच्या दरात औषधं, डायपर, ड्रेसिंग, डॉक्टरांची भेट आहे की नाही ते लेखी घ्या. आरोग्य विम्यावर विसंबू नका. नेहमीच्या पॉलिसीत 'विश्रांती, पुनर्वसन व तात्पुरती शुश्रूषा' हे वगळलेल्या गोष्टींमध्ये असतं (एक्सक्लुजन कोड ०५). घरचा हिशेब मात्र कॉट, एअर बेड, कमोड-खुर्ची यांचं भाडं, मावशीच्या दोन पाळ्या आणि फिजिओच्या भेटी धरून करा. मग फरक वाटतो तेवढा उरत नाही.

भ्रम होत असेल तर

ऑपरेशननंतर संध्याकाळी असंबद्ध बोलणं, नळ्या ओढणं सुरू झालं असेल, किंवा आधीपासून स्मृतिभ्रंश असेल, तर पारडं घराकडे झुकतं. ओळखीची खोली, ओळखीचा आवाज, चष्मा, कवळी, कानाचं यंत्र, दिवसा खिडकी उघडी: यांना तोड नाही. सेंटरच घ्यावं लागलं तर रात्री घरचं माणूस राहू देतात का ते आधी विचारा. भ्रम अचानक वाढला तर 'वय झालंय' म्हणून सोडून देऊ नका. तुंबलेली लघवी, जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणं, रक्तात घसरलेलं सोडियम किंवा ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी, यांतलं काहीतरी बहुधा सापडतं.

कुठेही असा, अचानक धाप लागली तर लगेच, आणि एका पोटरीला सूज, जखमेतून पाणी किंवा पू दिसला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. पाय एकदम आखूड होऊन वळला आणि कळ आली तर उभं करू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा.

आमचा कौल

रात्रीचं धट्टंकट्टं माणूस नक्की आहे, संडास पाच-सहा पावलांवर आहे आणि फिजिओ घरी येतो: घरी न्या. पेशंट एकटा राहतो, किंवा घरी फक्त वयस्क जोडीदार आहे, किंवा उठवायला दोघं लागतात: सेंटर. पण महिन्याचं पॅकेज घेऊ नका. दहा-पंधरा दिवस पुरतात, तेवढ्यात घरी दांडे बसवून घ्या. एकाच्या मदतीने उठणं आणि वॉकरने संडासापर्यंत जाणं जमलं की बाहेर पडा. घरी पायऱ्या असतील तर चढताना आधी चांगला पाय आणि उतरताना आधी ऑपरेशनचा, हे तिथेच घोटून घ्या. निघायच्या आदल्या दिवशी घरी रात्री जो उठवणार आहे त्याने सेंटरमध्ये येऊन, फिजिओ समोर असताना, पेशंटला उठवून संडासापर्यंत नेऊन परत झोपवून दाखवावं. त्याला ते जमलं नाही, तर मुक्काम दोन दिवस वाढवा.