पकपीडिया: करारांची खातेवही चोख, फक्त 'एकूण कमाई'चा आकडा जपून वाचा

खडकी-पिंपरीत हॉकी म्हणजे टर्फवरची. पकपीडिया हे खेळाडूंच्या करारांची नोंद ठेवणारं संकेतस्थळ, पण ते बर्फावरच्या हॉकीचं, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या व्यावसायिक लीगचं. पण ते सामने पहाटे साडेचार-साडेपाचला उठून बघणारे पुण्यातही आहेत, आणि 'याला मिळतात तरी किती?' हा प्रश्न त्यांनाही पडतोच. पूर्वी त्यासाठी कॅपफ्रेंडली ही साइट होती. एनएचएलमधल्याच वॉशिंग्टन कॅपिटल्स संघानं ती विकत घेतली आणि जुलै २०२४ मध्ये बाहेरच्यांसाठी बंद केली. आता फुकटात बघायचं तर पकपीडियाइतकं नीटनेटकं दुसरं काही नाही.

कॉनर मॅकडेव्हिडचा करार वाचून बघा, म्हणजे रकाने कळतील. जुलै २०१७ मध्ये त्याच्या एडमंटन संघानं त्याच्याशी ८ वर्षांचा, १० कोटी डॉलरचा करार केला. तो २०१८-१९ पासून लागू झाला. कॅप हिट दरवर्षी सारखाच, १ कोटी २५ लाख. संघाच्या पगारमर्यादेतली तेवढी जागा अडली, एवढाच त्याचा अर्थ. करारानुसार द्यायची रक्कम पहिल्या वर्षी दीड कोटी होती आणि शेवटच्या वर्षी एक कोटी. म्हणून एखाद्या मधल्याच वर्षापर्यंतची कमाई काढताना कॅप हिटला वर्षांनी गुणलंत, तर हिशेब चुकलाच.

त्याहून महत्त्वाचा रकाना साइनिंग बोनसचा, म्हणजे करारावर सही केल्याबद्दलच्या पक्क्या रकमेचा. या १० कोटींतले तब्बल ८ कोटी ६० लाख बोनस म्हणून होते. मालकांनी टाळेबंदी करून खेळ थांबवला तरी बोनस मिळतो आणि संघानं करार मोडीत काढला तरी त्याला कात्री लागत नाही. एजंट कसलेला आहे की नाही, हे याच रकान्यावरून ओळखावं. याउलट कामगिरी बोनस, तो ठरलेली कामगिरी झाली तरच मिळतो. मॅकडेव्हिडच्या पहिल्या तीन वर्षांच्या करारात वर्षाला ९ लाख २५ हजार डॉलर पक्के होते आणि वर २८ लाख ५० हजारांपर्यंतचा बोनस अटींवर. दोन्हींची बेरीज करून 'मिळाले' म्हणणं चूक.

आता एकूण कमाई. हा आकडा ठळक दिसतो आणि सगळे तोच उचलतात. तो कापाकापीच्या आधीचा आहे, हे मात्र विसरतात. लीगच्या उत्पन्नातला निम्मा वाटा खेळाडूंचा असं ठरलेलं आहे. पगारांची बेरीज त्यावर गेली तर फरक मालकांना परत जातो, म्हणून पगारातून काही टक्के आधीच एस्क्रोत, म्हणजे वेगळ्या राखीव खात्यात, कापून ठेवतात. कोविडनंतरच्या २०२०-२१ च्या हंगामात ही कपात २० टक्के होती. वर कर आहेच, आणि तो गावागणिक वेगळा: फ्लोरिडा, टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, तर टोरोंटोत वरच्या टप्प्यावर ५३ टक्क्यांहून जास्त. जाहिरातींचे पैसे यात कुठेच धरलेले नसतात. खालच्या लीगमध्ये ये-जा करणाऱ्यांच्या बाबतीत तर जास्तच सांभाळा. त्यांच्या करारात खालच्या लीगचा पगार वेगळा लिहिलेला असतो, तो बऱ्याचदा कितीतरी कमी असतो आणि दिवसांच्या हिशेबानं मिळतो.

बायआउटचा, म्हणजे ठरलेले पैसे देऊन करार मुदतीआधीच मोडण्याचा, तक्ता मात्र मन लावून बघण्यासारखा. नियम असा: खेळाडू २६ किंवा त्याहून मोठा असेल तर उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश, लहान असेल तर एक तृतीयांश, आणि तेही उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात. गोलरक्षक रिक डिपिएट्रोचा २००६ चा करार १५ वर्षांचा, ६ कोटी ७५ लाख डॉलरचा. २०१३ मध्ये संघानं त्याला मोकळं केलं तेव्हा ८ वर्षांचे ३ कोटी ६० लाख उरले होते. त्याचे दोन तृतीयांश २ कोटी ४० लाख, १६ वर्षांत वाटून वर्षाला १५ लाख. निवृत्त झालेल्या माणसाला २०२९ पर्यंत पगार!

आपल्याकडच्या हॉकीसाठी अशी वही हवी होती. हॉकी इंडिया लीगच्या ऑक्टोबर २०२४ च्या लिलावात हरमनप्रीत सिंगला ७८ लाख रुपये मिळाले, हे सगळ्यांना ठाऊक. पण आपल्या खेळाडूचा खरा आधार रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या किंवा पोलिसातली नोकरी, आणि ती कुठल्याच तक्त्यात नाही. तेव्हा पिंपरीतल्या नेहरूनगरच्या हॉकी मैदानावर मुलाला धाडणाऱ्या पालकांनी पकपीडियावरच्या डॉलरना रुपयांनी गुणत बसू नये.

वापरायची वेळही सांगतो. १ जुलैला मुक्त, म्हणजे करार संपलेल्या, खेळाडूंचा बाजार आपल्याकडच्या रात्री साडेनऊला उघडतो. त्या रात्री बहुधा फक्त एकूण रक्कम आणि वर्षं कळतात. वर्षनिहाय फोड, बोनस, बदली रोखणारी कलमं मागाहून भरली जातात. त्यामुळे लगेच स्क्रीनशॉट काढून वाद घालण्यापेक्षा दोन-तीन दिवस थांबून पान पुन्हा उघडावं.