व्हॅक्यूमवाला ऑटोक्लेव्ह: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

तालुक्याच्या गावात माझं दातांचं क्लिनिक आहे. गेल्या वर्षापर्यंत कुकरसारखा उभा, वरून झाकण आवळायचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे हत्यारं वाफेने निर्जंतुक करायचं मशीन, वापरत होते. नऊ महिन्यांपूर्वी १८ लिटरचा, समोरून दाराचा आणि आतली हवा खेचणारा व्हॅक्यूम पंप असलेला, म्हणजे क्लास बी प्रकारचा घेतला. महाग पडला, पण हँडपीससाठी तो घेणं भागच होतं.

दात कोरायच्या हँडपीसच्या आत हवापाण्याच्या बारीक नळ्या असतात. जंतू मारायला कोरड्या ओव्हनमध्ये १६० डिग्रीला दोन तास लागतात, तेच काम वाफ १२१ डिग्रीला पंधरा मिनिटांत करते, कारण थंड धातूला लागताच वाफेचं पाणी होतं आणि तिच्यात साठलेली सगळी उष्णता तिथेच सुटते. इडलीपात्राचं झाकण उघडताना हात वाफेत गेला तर कसा पोळतो, ते आठवा. मात्र वाफेला धातूपर्यंत पोचता आलं पाहिजे. नळीत हवा अडकली असेल तर ती पोचत नाही. जुन्या मशीनमध्ये वरच्या व्हॉल्व्हमधून बराच वेळ वाफ सोडली, तरी नळीतली हवा हटेलच असं नव्हतं. काटा मात्र १५ पाउंड दाखवायचा, कारण दाब हवेचाही असतो. नवं मशीन आधी तीनदा हवा खेचतं, मधे मधे वाफ भरतं आणि मगच १३४ डिग्रीला जातं. तिथे चार मिनिटं थांबतं. वाळवणं धरून पाऊण तास जातो, म्हणून हँडपीसचे जादा सेट घ्यावे लागले. तो खर्च आधीच धरून ठेवा.

तिसऱ्या महिन्यातली गोष्ट सांगायलाच हवी. दर आठवड्याला मी लोडमध्ये, म्हणजे एका वेळी मशीनमध्ये लावलेल्या हत्यारांत, जिवाणूंच्या बीजाणूंची एक कुपी ठेवते आणि नंतर ती उबेसाठी इन्क्युबेटरमध्ये घालते. बीजाणू जिवंत असतील तर ती पिवळी होते. सोबत वाफ न दिलेली दुसरी कुपी असते, ती पिवळी व्हायलाच हवी. त्या सकाळी दोन्ही पिवळ्या! हत्यारं ज्यात बंद करतो त्या कागद-प्लास्टिकच्या पाऊचवरच्या पट्टीचा रंग तर व्यवस्थित बदलला होता. मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, पट्टी तर काळी झाली होती की!" पट्टी एवढंच सांगते, की पाऊच गरम वाफेत होता. बीजाणू मेले का, हे तिला कळत नाही. निकाल येईपर्यंत तो लोड बाजूला ठेवायचा नियम होता म्हणून वाचलो. चूक माझीच होती, घाईत ट्रेवर पाऊच एकावर एक कोंबले होते. वाफ कागदाच्या बाजूनेच आत शिरते आणि तीच बाजू दाबली गेली होती. आता पाऊच स्टँडमध्ये उभे लावतो, एकाचा कागद दुसऱ्याच्या प्लास्टिककडे. तेव्हापासून लोडमधली कुपी एकदाही पिवळी झालेली नाही.

पाणी डिस्टिल्डच घाला. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे. एकदा डिस्टिल्ड संपलं म्हणून दोन दिवस आरओचं घातलं, तर चेंबरच्या तळाशी पांढरा थर दिसू लागला. शेवटी छोटा डिस्टिलर घेतला. दाराचं गॅस्केट रोज ओल्या फडक्याने पुसतो, अजून बदलावं लागलेलं नाही.

खरी तक्रार विजेची. क्लिनिकचा इन्व्हर्टर हे मशीन ओढत नाही. मधेच वीज गेली की सायकल रद्द होते, सगळे पाऊच फोडायचे, नव्याने भरायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. उन्हाळ्यात हे आठवड्यातून दोनदा तरी झालं. विक्रेत्याने याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. सर्व्हिसचा माणूसही बोलावल्यावर अकरा दिवसांनी उगवला.

तरीही जुन्याकडे परत जाणार नाही. पेशंटच्या तोंडात हँडपीस घालताना मनात जी धाकधूक असायची, ती आता नाही. विकत घेणार असाल तर पंप चालू असताना दुकानात स्वतः बसून एक पूर्ण सायकल बघा, आणि लोड संपल्यावर पाऊच हातात घेऊन बघा. कागद ओला लागला तर ते मशीन घेऊ नका.