एनबीएचा लास्ट टू मिनिट रिपोर्ट: पाचपैकी अडीच स्टार

एनबीए म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या फायनल्स आल्या की दर मॅचनंतर तेच सुरू, रेफरी विकले गेलेत, स्टार खेळाडूला नुसता वारा लागला तरी शिट्टी आणि बाकीच्यांना आडवं पाडलं तरी चालू द्या. मग कोणीतरी पुरावा म्हणून लास्ट टू मिनिट रिपोर्टचा, म्हणजे शेवटच्या दोन मिनिटांतल्या रेफरींच्या निर्णयांची लीगनेच केलेली तपासणी, त्याचा स्क्रीनशॉट टाकतं आणि वाद अजूनच पेटतो. म्हणून म्हटलं या रिपोर्टचाच रिव्ह्यू करून टाकू.

लीग हा २०१५ पासून काढते. शेवटच्या दोन मिनिटांत कधीही फरक तीन पॉइंट किंवा त्याहून कमी झाला की दुसऱ्या दिवशी साइटवर येतो, ओव्हरटाइम झाला तर त्याचाही. कोणी फाउल केला, नुकसान कोणाचं, शिट्टी बरोबर की चूक आणि मुख्य म्हणजे जी शिट्टी वाजायला हवी होती पण वाजलीच नाही ती पण, सोबत व्हिडिओ. एक पैसा लागत नाही. रेफ्रींच्या युनियनला हा प्रकार अजिबात पसंत नाही, त्यांची चिडचिड कळते, पण बघणाऱ्यांच्या बाजूने हे सोनं आहे राव.

स्टारचं नाव बघून मार्क देतात असंही वाटत नाही. जानेवारी २०२३ मध्ये बॉस्टनमधल्या मॅचमध्ये शेवटच्या लेअपवर (बास्केटजवळ जाऊन टाकलेला शॉट) बॉस्टनच्या टेटमने लेकर्सच्या लेब्रॉनच्या हातावर मारलं, शिट्टी नाही, मॅच ओव्हरटाइमला गेली, लेकर्स हरले. रिपोर्टने सरळ लिहिलं, चूक झाली. निकाल अर्थातच बदलत नाही, त्यामुळे लेकर्सवाल्यांना त्याचा उपयोग शून्य.

आता खरी तक्रार. दोनच मिनिटं का? २०२१ च्या फायनल्सची चौथी मॅच आठवा, फिनिक्सच्या बुकरचे पाच फाउल झालेले, चौथ्या क्वार्टरमध्ये त्याने बक्सच्या जरू हॉलिडेला लेअपवर धडधडीत फाउल केला, तो दिला असता तर सहावा आणि गडी बाहेर. दिला नाही. मॅचनंतर रेफरी क्रूच्या प्रमुखानेच कबूल केलं की द्यायला हवा होता. पण हे घडलं शेवटच्या दोन मिनिटांच्या आधी, म्हणजे रिपोर्टच्या हिशोबाने घडलंच नाही! नशीब, बक्स तरीही जिंकले, नाहीतर आजही भांडणं चालली असती.

आणि २००६ च्या फायनल्समधलं मायामीच्या ड्वेन वेडचं प्रकरण. सहा मॅचमध्ये त्याचे ९७ फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट), पाचव्या मॅचमध्ये एकट्या वेडचे २५ आणि समोरच्या अख्ख्या डॅलस टीमचेही २५. तेव्हा रिपोर्ट नव्हता, पण असता तरी काय सांगितलं असतं, १.९ सेकंद उरलेले असताना डॅलसच्या नोविट्स्कीवर दिलेला फाउल बरोबर की चूक एवढंच. आधीच्या ढिगाचं काय? आता नुसत्या आकड्यावरून चोरी सिद्ध होत नाही हेही खरं, वेड सतत बास्केटकडे घुसत होता, घुसणाऱ्याला फाउल मिळणारच. त्यातले किती खरे आणि किती नावावर मिळालेले हे एकेक क्लिप तपासल्याशिवाय कळणार नाही, आणि तेच काम हा रिपोर्ट करत नाही.

१९९८ च्या फायनल्सची सहावी मॅच, बुल्स विरुद्ध जॅझ, तर याहून भारी. शेवटच्या शॉटआधी बुल्सच्या जॉर्डनने जॅझच्या ब्रायन रसेलला ढकललं का यावर लोक अजून एकमेकांचे गळे धरतात. पण त्याच मॅचमध्ये जॅझच्या हॉवर्ड आयझलीचा वेळेत सुटलेला थ्री (तीन पॉइंटचा शॉट) रद्द केला आणि बुल्सच्या रॉन हार्परचा शॉट क्लॉक (शॉट मारायची ठरलेली वेळ) संपल्यावर सुटलेला बास्केट धरला, दोन्ही चुका जॅझच्या विरोधात, एकूण पाच पॉइंट, आणि मॅच गेली ८७-८६. तेव्हा यासाठी रिप्लेची सोय नव्हती. ना आयझली स्टार ना हार्पर, म्हणून त्यावर कोणी बोलत नाही. दोन्ही प्रसंग शेवटच्या दोन मिनिटांच्या आधीचेच, आजच्या रिपोर्टमध्येही आले नसते.

रोज इतक्या मॅचेस असतात तेव्हा पूर्ण रिपोर्ट काढणं अवघड असेल, मान्य. पण फायनल्स म्हणजे जास्तीत जास्त सात मॅचेस हो! तेवढ्यांचे तरी पूर्ण ४८ मिनिटांचे काढा की, रेफ्रींचं मूल्यमापन आतल्या आत होतंच, आम्हालाही दाखवा. ते सुरू केलं तर रेटिंग लगेच वाढवतो. तोपर्यंत अडीच, आणि त्यातले दोन व्हिडिओ लिंकसाठी.